चित्रात पाणी कुठंय?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना आम्ही नुसतं ‘सर’ म्हणायचो. सरांच्या खिशात पेनापेक्षा भिंग आधी सापडायचं. एकदा त्यांनी रोममधल्या एका कारंज्याचं जुनं छापील चित्र टेबलावर पसरलं आणि आम्हाला विचारलं, “यात पाणी कुठंय, दाखवा बरं.” प्रश्न सोपा होता. कुणी धबधब्यावर बोट ठेवलं, कुणी हौदावर. सरांनी भिंग पुढे केलं. “आता बघा. तिथं काय आहे?” काहीच नव्हतं. शाईची एक रेघसुद्धा नाही, नुसता कोरा कागद. चित्रकारानं सगळी मेहनत केली होती ती भोवतालच्या दगडावर. दगड इतका काळा केला होता, की मधला उरलेला कागद वाहायला लागला होता.

त्या दिवसापासून पाण्याची जुनी चित्रं बघायची मला जी खोड लागली ती लागलीच. आज संयोजकांनी विषय निवडायचं स्वातंत्र्य दिलं म्हणून तीच खोड तुमच्यापुढे मांडतो आहे. रोमचं पाणी आणि त्याची सतराव्या-अठराव्या शतकातली तांब्यावरची चित्रं, एवढाच आपला आवाका. त्यातही एका माणसापाशी मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. तो म्हणजे जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी.

आधी थोडं कारागिरीबद्दल. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. सुईनं त्या मेणावर चित्र काढायचं. सुई तांब्याला लागत नाही, मेण तेवढं खरवडलं जातं. मग पत्र्यावर तेजाब सोडायचं. मेण निघालेल्या जागी तेजाब तांबं खातं आणि तिथं बारीक चर पडते. मेण पुसायचं, चरीत शाई भरायची, वरची शाई कापडानं पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून पत्रा फिरवायचा. या प्रकाराला आपल्याकडच्या कलाशाळांत ‘एचिंग’ म्हणतात. इटालियन भाषेत मात्र त्याला ‘अक्वाफोर्ते’ म्हणतात, म्हणजे जोरकस पाणी. हे पाणी म्हणजे तेजाब. कागद ओला केल्याशिवाय ठसा नीट उठत नाही, आणि तो कागद उजेडापुढे धरला की आत कारखान्याची जी खूण दिसते तिला आपण मराठीतही ‘जलचिन्ह’ म्हणतो. पाण्याच्या चित्रात एका पाण्याला जागा नाही असं सरांनी दाखवून दिलं खरं, पण बाकीची तीन पाणी त्या कागदात मुरलेली असतात.

(तांब्यावर कोरून छापणं आपल्याला अगदीच परकं नाही. मिरजेला १८०५ साली भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवरून, आणि ते पत्रे कोरणारा तांबटच होता. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.)

तेजाब किती वेळ चावू द्यायचं, यावर चित्राचा काळेपणा ठरतो. हलक्या रेघा झाल्या की त्या लाखेनं झाकायच्या आणि उरलेला भाग पुन्हा तेजाबात सोडायचा. हे पिरानेसी पुन्हा पुन्हा करायचा. त्याच्या सावल्यांत बोट बुडेल असं वाटतं ते यामुळं. रोमला आल्यावर तो ज्युसेप्पे वाझी या कोरीवकाराकडे शिकला. गुरू तेजाबाची खरी युक्ती आपल्यापासून लपवतो आहे, अशा संशयानं तो वाझीच्या अंगावर धावून गेला, अशी एक गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे. पण पाण्यासाठी गुरुशिष्यांची मारामारी व्हावी, ही दंतकथा मला त्याच्या चित्रांच्या स्वभावाला धरून वाटते.

तो मूळचा व्हेनिसकडचा. जन्म १७२०. बाप दगडकाम करणारा. मामा मातेओ लुक्केसी व्हेनिसच्या जलखात्यात. तिथल्या खाडीचं, बांधांचं, पाण्याच्या पातळीचं काम बघणारं ते सरकारी खातं. पिरानेसीचे पहिले धडे या मामाच्या हाताखालचे. व्हेनिसची गंमत अशी, की सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. शहरातल्या चौकांखाली वाळू भरलेल्या मोठ्या टाक्या बांधून त्यांत पावसाचं पाणी मुरवायचे आणि मधल्या विहिरीतून ते शेंदायचे. कमी पडलं तर नदीचं गोडं पाणी होड्यांतून विकायला यायचं. अशा गावचा वीस वर्षांचा पोरगा १७४० साली रोमला येतो आणि बघतो, की इथं रस्त्याच्या कडेला, चौकात, भिंतीच्या तोंडातून गोडं पाणी रात्रंदिवस वाहतं आहे आणि तोटी बंद करायची सोयच नाही. तो या पाण्याच्या मागं लागला नसता तरच नवल.

हे पाणी मुळात जुन्या रोमचं. इसवी सनापूर्वी ३१२ साली पहिला जलमार्ग झाला आणि पुढच्या साडेपाचशे वर्षांत एकूण अकरा. ५३७ साली गॉथ लोकांनी शहराला वेढा घातला आणि जलमार्ग तोडले. त्यानंतर रोमनं कित्येक शतकं टायबर नदीचं पाणी आणि विहिरी यांवर काढली. डोक्यावर, खांद्यावर पाणी वाहून विकणाऱ्यांचा धंदा भरभराटीला आला. मग पंधराव्या शतकापासून पोप मंडळींनी जुने मार्ग एकेक करून पुन्हा जिवंत करायला घेतले आणि प्रत्येक मार्गाच्या शेवटी एक भव्य कारंजं उभं केलं.

अशा शेवटच्या कारंज्याला इटालियनमध्ये ‘मोस्त्रा’ म्हणतात. शब्दाचा अर्थ प्रदर्शन. पाणी मैलोगणती जमिनीखालून येतं, ते कुणाला दिसत नाही. दिसतं ते शेवटी, आणि तिथं ते ज्यानं आणलं त्याचं नाव कोरलेलं असतं, वर त्याचं घराण्याचं चिन्ह असतं. चित्रकारही इथंच येऊन बसायचा, कारण चित्र विकत घेणारा प्रवासीही इथंच यायचा.

या प्रकारातलं उत्तम पुस्तक म्हणजे जोव्हान्नी बात्तिस्ता फाल्दाचं रोमच्या कारंज्यांचं. १६७५ च्या सुमारास ते निघायला लागलं. फाल्दाची रेघ स्वच्छ, उजेड सकाळचा, रस्त्यावर धूळ नाही. बग्गी जाते आहे, दोन सभ्य गृहस्थ एकमेकांना हातानं कारंजं दाखवत आहेत. मला फाल्दा आवडतो, पण लग्नाच्या आल्बममधले फोटो आवडतात तसा. सगळे नटून उभे.

तरी त्याचा एक उपयोग असा आहे की दुसऱ्या कुठल्या कागदपत्रानं तो व्हायचा नाही. जानिकुलम टेकडीवरचं ‘अक्वा पाओला’चं कारंजं घ्या. पाचव्या पॉल पोपनं ते १६१२ साली पुरं केलं. पाडलेल्या जुन्या सेंट पीटर चर्चचे खांब आणून त्याच्या दर्शनी भागात बसवले. आज तिथं गेलात तर कारंज्यापुढे अर्धगोल मोठा हौद दिसतो. फाल्दाच्या चित्रात तो नाही. पाच कमानींखाली पाच लहान कुंड्या आहेत. मोठा हौद १६९० साली झाला आणि फाल्दा त्याआधी बारा वर्षं वारला होता. म्हणजे कुणी या कारंज्याचं विनातारखेचं जुनं चित्र तुमच्यापुढे आणलं तर आधी हौद बघायचा. हौद असेल तर चित्र १६९० नंतरचं. पिरानेसीच्या चित्रात हौद आहे आणि हौदाच्या कठड्याशी माणसंही आहेत.

याच कारंज्यावर भलामोठा लेख कोरलेला आहे. पोपनं सम्राट ऑगस्टसचा ‘अल्सिएतिना’ हा जलमार्ग पुन्हा चालू केला, असं त्यात म्हटलं आहे. खरं तर त्यानं चालू केला तो सम्राट ट्रेजनचा मार्ग. ऑगस्टसचा तो अल्सिएतिना इतका गढूळ होता, की लोकांना प्यायला तो कधी द्यायचाच नव्हता. नाटकी आरमारी लढायांचा तलाव भरायला तो बांधला होता. दगडावर चूक कोरली की ती चारशे वर्षं टिकते. पुढे या पाण्यात तलावाचं पाणी मिसळलं आणि त्याची चव इतकी बिघडली, की एखाद्या टाकाऊ वस्तूला ‘अक्वा पाओलाच्या किमतीची’ म्हणायची पद्धत रोममध्ये पडली. फाल्दाच्या किंवा पिरानेसीच्या चित्रातून पाण्याची चव कळत नाही, हे बघणाऱ्यानं लक्षात ठेवायला हवं.

पाण्याचा दाब मात्र चित्रातून कळतो. पिरानेसीचं ‘पियाझ्झा दी स्पान्या’ या चौकाचं चित्र आहे. पायऱ्या, वर चर्च, आणि खाली चौकात एक दगडी होडी अर्धवट बुडाल्यासारखी. हे ‘बार्काच्चा’ कारंजं. पिएत्रो बर्निनीनं १६२० च्या दशकात केलेलं. पर्यटकांना वाटतं, ही काय कल्पना! कल्पना होतीच, पण तिचं मूळ नळाच्या दाबात आहे. इथं येणारं ‘अक्वा व्हर्जिने’चं पाणी उतारावरून येता येता इतकं मंदावलेलं असतं, की त्याला वर उडवणं शक्यच नव्हतं. म्हणून बर्निनीनं कारंजंच रस्त्याच्या पातळीखाली उतरवलं आणि पाणी होडीच्या काठावरून सांडू दिलं. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाही माणसाला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

या अक्वा व्हर्जिनेची कथा जरा सविस्तर सांगतो, कारण माझा मुद्दा तिथं आहे. जुनं नाव ‘अक्वा विर्गो’, म्हणजे कुमारिकेचं पाणी. इसवी सनापूर्वी १९ साली ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा यानं हा मार्ग बांधला. लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि त्यातले १९ जमिनीखालून. सुरुवातीपासून शेवटापर्यंत उतार जेमतेम चार मीटरचा. मध्ये मध्ये हवा आणि दुरुस्तीसाठी वर उघडणारी विवरं. पुण्यात कात्रजच्या नळाला ज्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात तशीच. हा मार्ग जमिनीखाली असल्यामुळं बाकीच्यांपेक्षा जास्त टिकला. गॉथांच्या त्या वेढ्याच्या वेळी त्यातलं पाणी बंद होतं, तेव्हा गॉथ सैनिक मशाली घेऊन याच बोगद्यातून शहरात शिरायला बघत होते. पिंचिओ दरवाजापाशी पहारेकऱ्याला जमिनीच्या फटीतून उजेड चमकलेला दिसला. त्यानं सोबत्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, लांडग्याचे डोळे असतील. सेनापती बेलिसारियसनं मात्र बोगदा तपासून घेतला, म्हणून शहर वाचलं. ही हकीगत प्रोकोपियस या त्या काळातल्या इतिहासकारानंच लिहून ठेवली आहे.

कुमारिका कोण? इसवी सन ९७ मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा एक वयस्क अधिकारी रोमच्या पाण्याचा मुख्य झाला. त्यानं आपल्या खात्याबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं. मला विचाराल तर नगरपालिकेच्या इतिहासातला तो पहिला वाचनीय अहवाल. त्यात तो सांगतो, की सैनिक पाणी शोधत होते तेव्हा एका लहान मुलीनं त्यांना पाण्याच्या शिरा दाखवल्या. त्यांनी तिथं खणलं आणि भरपूर पाणी लागलं. उगमाजवळ एक छोटं देऊळ आहे, असंही तो लिहितो, आणि त्या देवळात हा प्रसंग दाखवणारं चित्र आहे.

इथं मी नेहमी थांबतो. शहराच्या पाण्याच्या उगमाचं चित्र, तेही उगमाच्या शेजारी! ते चित्र आज नाही. त्या मुलीचं नाव त्याही काळी कुणी लिहिलं नव्हतं. अग्रिप्पाचं नाव आहे, ऑगस्टसचं आहे, पोप लोकांची नावं तर फूटभर उंचीच्या अक्षरांत आहेत. जिनं पाणी दाखवलं ती मात्र ‘एक लहान मुलगी’.

हेच पाणी पुढे त्रेव्हीच्या कारंज्यात पडतं. निकोला साल्वीनं १७३२ मध्ये काम सुरू केलं, तो १७५१ मध्ये वारला आणि कारंजं पुरं झालं १७६२ मध्ये. पिरानेसीनं त्याची दोन चित्रं केली, पहिलं १७५१ च्या सुमाराचं, दुसरं काम पुरं झाल्यानंतर दहा-अकरा वर्षांनी. दुसऱ्यात तो तिरका कोन घेतो. खडक आणि पाणी अंगावर येतात, माणसं किड्यामुंग्यांसारखी होतात. कारंज्याच्या भिंतीवर वरच्या बाजूला दोन उठावचित्रं आहेत. एकात अग्रिप्पा जलमार्गाचा नकाशा पाहतो आहे, दुसऱ्यात ती मुलगी सैनिकांना झरा दाखवते आहे. चित्रात तिला शोधायला भिंग लागतं. खालच्या समुद्रदेवाला मात्र लागत नाही. हजारो लोक रोज तिथं नाणी टाकतात आणि वर बघत नाहीत. मीही पहिल्या खेपेस बघितलं नव्हतं.

आता पिरानेसीचं ते काम, ज्यासाठी मी त्याला फाल्दाच्या पंगतीतून उठवून वेगळा बसवतो. १७६१ साली त्यानं एक पुस्तक काढलं, ‘अक्वा जुलिया’ या जुन्या जलमार्गाच्या जलघराच्या, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या इमारतीच्या, अवशेषांबद्दल. एस्क्विलाइन टेकडीवर विटांचा एक प्रचंड ढिगारा उभा होता. संगमरवर कधीच उचलून नेलेला, दोन मोठी विजयचिन्हं होती तीही १५९० मध्ये कॅपिटोलवर हलवलेली. उरला होता विटांचा सांगाडा. प्रवासी अशा ठिकाणी दोन उसासे टाकून पुढे जायचे. पिरानेसीनंही आधी तेच दाखवलं आहे. विटांतून लोंबणारी झुडपं, पायथ्याशी फाटक्या कपड्यांतली, हातवारे करणारी माणसं. पण पान उलटलं की सूर बदलतो. मागची बाजू येते, छेद येतो, जमिनीचा आराखडा येतो. पाणी कुठून आत शिरत असेल, कुठं फाटे फुटत असतील, कुठल्या तोंडातून बाहेर पडत असेल, हे तो एकेका अक्षराची खूण घालून दाखवतो. मग नळ येतात. फ्रॉन्टिनसनं सांगितलेली मापं घेऊन तो नळाच्या तोंडांची चित्रं काढतो, कुणाला किती पाणी मिळायचं याचा हिशेब मांडतो. जलखात्यातल्या मामाचा भाचा इथं दिसतो.

फ्रॉन्टिनसनं हा हिशेब का मांडला होता? चोरीसाठी. उगमाशी पाणी मोजलं तर जास्त भरत होतं, वाटपाच्या वहीत कमी. मधल्या मधे ते जात होतं कुठं? खात्यातलेच नळकरी जमिनीखालच्या मुख्य नळाला जागोजागी भोकं पाडून पाणी परस्पर विकत होते. कुणाला नवा नळजोड मंजूर झाला की नवं भोक पाडायचं आणि जुनं बुजवायचं नाही, त्याचं पाणी स्वतः विकायचं. तुम्ही हसलात, त्याअर्थी खुलासा नको. पिरानेसीला हे सगळं ठाऊक होतं. त्यानं फ्रॉन्टिनस बारकाईनं वाचला होता, जलमार्गांचा नकाशाही १७५६ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात छापला होता.

गंमत म्हणजे त्याचा निष्कर्ष चुकला. आजचे अभ्यासक त्या वास्तूला अक्वा जुलियाची मानत नाहीत. तिसऱ्या शतकात सम्राट अलेक्झांडर सिव्हरसच्या काळात बांधलेलं ते कारंजं, असं ते म्हणतात. नाव चुकलं तरी पाहणी चुकली नाही, म्हणून मला या चुकीचं वाईट वाटत नाही. अक्वा पाओलावरच्या पोपच्या कोरीव लेखातही नावच चुकलं होतं, पण तिथं नावाशिवाय दुसरं काही नव्हतं. पिरानेसीच्या पानांवर विटा आहेत, मापं आहेत. ती आजही ताडून बघता येतात, कारण तो ढिगारा अजून रोममध्ये पियाझ्झा व्हित्तोरियोच्या बागेत उभा आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांत आता आपल्याकडच्यासारखी किराणा दुकानं आहेत. हळद, मसाले, डाळी मिळतात. मी तिथून मोहरी घेतली आणि मग त्या विटांपुढे बसलो.

असली चित्रं घ्यायची झाली तर काय बघावं, असं मला नेहमी विचारलं जातं. याबाबत मी स्वतः फसलेला माणूस आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका दुकानात ‘अस्सल पिरानेसी’ म्हणून त्रेव्हीचं चित्र मी महिन्याभराचा पगार मोजून घेतलं. घरी आणून भिंग लावलं तर रेघांऐवजी ठिपके. ऑफसेटवर छापलेलं कॅलेंडरचं पान होतं ते, चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं. तेही पाण्याचंच काम म्हणा! तेव्हा आधी भिंग. मग बोटाच्या टोकानं कडा चाचपा. पत्र्याच्या दाबानं कागदावर चौकोनी खाच पडलेली असते. मग उजेडापुढे धरून जलचिन्ह. आणि पिरानेसीच्या चित्रांखाली पत्ता असतो तो वाचा. १७६१ पासून त्याचं घर आणि दुकान ‘स्त्रादा फेलिचे’ या रस्त्यावर होतं. पाचव्या सिक्स्टस पोपचं मूळ नाव फेलिचे. ‘अक्वा फेलिचे’ हे पाणी १५८७ मध्ये त्यानंच शहरात आणलं आणि रस्ताही त्याच्याच नावाचा. पत्त्याशेजारी किंमत असते, अडीच पाओली. पत्ता आहे, किंमत आहे, की दोन्ही खोडली आहेत, यावरून तो ठसा त्याच्या हयातीतला की नंतरचा, हे जाणकार ठरवतात.

आमचं ते कॅलेंडरचं पान सरांना दाखवायला नेलं तेव्हा ते रागावले नाहीत. “फ्रेम करून लाव,” म्हणाले, “आणि यात ती मुलगी सापडते का बघ.” ठिपक्यांत ती सापडत नाही. मी खूप वेळा बघितलं आहे.

पिरानेसी १७७८ मध्ये वारला. त्याच्या मुलांनी तांब्याचे सगळे पत्रे पॅरिसला नेले. तिथं ते दुसऱ्याच्या हाती गेले, पुन्हा पुन्हा छापले गेले. १८३० च्या दशकाच्या अखेरीस पोपच्या सरकारनं ते विकत घेऊन रोमला परत आणले. आज ते इटलीच्या मुद्राचित्रांच्या मध्यवर्ती सरकारी संस्थेत आहेत. या संस्थेची एक इमारत म्हणजे पालाझ्झो पोली. त्रेव्हीचं कारंजं याच वाड्याच्या भिंतीला टेकून उभं आहे.